वारा कुठून येणार? संगणकाच्या कॅबिनेटची गोष्ट



आजचा विषय जरा घरगुती आहे. टेबलाखाली जो पत्र्याचा डबा असतो आणि ज्याला आपण सगळेच ‘सीपीयू’ म्हणतो, त्या डब्याचा इतिहास आज बघायचा आहे. सीपीयू म्हणजे खरं तर आतली बिस्किटाएवढी चिप. डब्याचं नाव कॅबिनेट. पण डब्यालाच सीपीयू म्हणायची सवय आपल्याला इतकी लागली आहे की डब्याचं स्वतःचं काही काम असतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. आमच्या घरी ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि बरेच पैसेही गेले होते. तिथूनच सुरुवात करतो.

साल २००५. आम्ही इंदूरला राहत होतो. बाबांनी कर्ज काढून घरात पहिला कॉम्प्युटर आणला. ताई त्यावर विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायची आणि त्या पैशांतून तिची फी निघायची. बाबांनी कॉम्प्युटरसाठी खास टेबल करून घेतलं, वरून सनमायका, खाली सीपीयूसाठी कप्पा आणि कप्प्याला दार. धूळ जायला नको म्हणून दार बंद. आईनं क्रोशाचं आवरण विणलं. दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. म्हणजे मशीनची काळजी घेण्यात आम्ही काही कमी केलं नव्हतं.

एप्रिल उजाडला आणि मशीन दुपारी बंद पडायला लागलं. आधी संथ व्हायचं, मग एकदम काळा पडदा. रात्री मात्र ठणठणीत. प्रबंध जमा करायचे दिवस, दारात विद्यार्थी उभे, आणि ताई रात्री अकरा ते पहाटे चार टाइप करत बसलेली. दुकानदारानं आधी एसएमपीएस बदलला. मग रॅम बदलली. मग म्हणाला, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर घ्या. तोही घेतला. शेवटी म्हणाला, मदरबोर्ड गेला. त्या दिवशी बाबा काही न बोलता नुसते बसून राहिले होते, ते मला अजून आठवतं.

मग कुणीतरी एका तरुण दुरुस्तीवाल्याला पाठवलं. त्यानं कप्प्याचं दार उघडलं, आत हात घातला, चटकन बाहेर काढला आणि बाबांना विचारलं, “अंकलजी, इसमें हवा कहाँ से आएगी?”

मंडळी, कॅबिनेटचा सगळा इतिहास या एका प्रश्नाचा इतिहास आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी तो विचारायचा विसर पडू दिला आणि त्याची किंमत मोजली. आमच्या घराची काय कथा!

खोली हेच कॅबिनेट

सुरुवातीला कॅबिनेट असा वेगळा प्रकार नव्हता. १९४६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक हा संगणक जगासमोर आला. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. जुन्या रेडिओत असायच्या तशा या काचेच्या नळ्या. त्यांच्या आतली तार तापल्याशिवाय त्या कामच करत नाहीत. म्हणजे उष्णता हा दोष नव्हताच, ती कामाची अटच होती. एनिॲकला सुमारे १५० किलोवॅट वीज लागायची आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरायची. म्हणून मोठाले ब्लोअर लावून सगळ्या पॅनलमधून हवा खेळवावी लागे.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मंडळींनी स्वतः एक मोठा संगणक बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० ट्यूब होत्या. हे सगळं एका पोलादी सांगाड्यात बसवलेलं होतं. लांबी १८ फूट, रुंदी अडीच फूट, उंची ८ फूट. सांगाड्याला दोन्ही बाजूंनी पोलादी दारं होती, दार उघडलं की आतल्या सर्किटपर्यंत हात पोचायचा. आज आपण चार स्क्रू काढून साइड पॅनेल उघडतो, त्याचंच हे आठ फुटी रूप.

त्या काळात यंत्र थंड ठेवायचं म्हणजे अख्खी खोली थंड ठेवायची. आपल्या देशात ही सवय यंत्रं लहान झाल्यावरही टिकली. तुमच्यापैकी अनेकांना शाळेतली कॉम्प्युटर लॅब आठवत असेल. चपला बाहेर, पडदे ओढलेले, शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीतही नसलेला एसी लॅबमध्ये. आपल्याला वाटायचं की पावित्र्य पाळायचं आहे. पण मागचा विचार व्यवहाराचा होता. धूळ कमी, गारवा जास्त.

तिकडे महासंगणकांच्या जगात तर थंड करणं हीच निम्मी कला झाली होती. सीमोर क्रे यांचा क्रे-१ हा संगणक १९७६ चा. वरून बघितला तर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा, आणि भोवती गोल बैठक. लोक त्याला गमतीनं जगातला सर्वांत महागडा सोफा म्हणत. पण त्या बैठकीखाली वीजपुरवठा होता आणि यंत्रातून फ्रेऑन वायू खेळवणारी व्यवस्था होती, म्हणजे आपल्या फ्रिजसारखीच. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळे सर्किट बोर्ड वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवून ठेवले होते. क्रे यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: यंत्राचा वेग शेवटी त्याची उष्णता किती लवकर बाहेर नेता येते यावर ठरतो.

पंखा नको म्हणणारी कंपनी

आता यंत्र घरात येतं. १९७७ साली ॲपल-२ आला. स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याचा आवाज सहन होत नसे. रॉड होल्ट या इंजिनिअरनं त्यासाठी कमी तापणारा स्विचिंग वीजपुरवठा तयार केला आणि पंख्याशिवाय काम भागलं. इथपर्यंत गोष्ट छान आहे.

पण यशामुळे हट्ट वाढतो. १९८० साली ॲपल-३ आला. पंखा नाहीच. उष्णता शोषून घ्यायला जाड ॲल्युमिनियमचा सांगाडा. बोर्ड मात्र चिपनी गच्च भरलेला. यंत्रं बंद पडू लागली. कारणं एकाहून जास्त होती, पण तापण्या-निवण्याच्या चक्रात चिप आपल्या सॉकेटमधून सुटत होत्या हे त्यातलं एक. त्यावर कंपनीनं सुचवलेला उपाय ऐकण्यासारखा आहे: यंत्र टेबलावरून काही इंच उचला आणि सोडून द्या, म्हणजे चिप पुन्हा जागेवर बसतील! आपल्याकडे रेडिओला थापट मारायचे, तसंच. कंपनीला हजारो यंत्रं बदलून द्यावी लागली आणि ॲपल-३ चं नाव बाजारात कायमचं खराब झालं.

तरी १९८४ चा पहिला मॅकिंटॉशही पंख्याशिवायच आला. लोक त्याला ‘टोस्टर’ म्हणायला लागले. १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये शेवटी पंखा बसला. आणि पुढे २००३ मध्ये याच कंपनीच्या पॉवर मॅक जी-५ मध्ये एक ना दोन, चांगले नऊ पंखे होते. पुढचा पत्रा किसणीसारखा भोकाभोकांचा आणि आत हवेचे चार वेगळे विभाग. पंखा नको इथपासून नऊ पंख्यांपर्यंत यायला या कंपनीला पाव शतक लागलं. पण ते नऊ पंखे एका पंख्यापेक्षा शांत असायचे, कारण प्रत्येकाला थोडंच काम होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बेज रंगाचा डबा भारतात येतो

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं पीसी आणला. दिसायला अगदी कचेरीतल्या कपाटाचा भाऊ. पण त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत एक पंखा होता. तो डब्यातली गरम हवा ओढून मागून बाहेर टाकायचा. तो वीजपुरवठा जेमतेम ६३.५ वॅटचा होता, आपल्या जुन्या साठच्या बल्बएवढा. एवढ्याशा उष्णतेला तो एक पंखा पुरेसा होता.

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारनं नवं संगणक धोरण जाहीर केलं, आयात सोपी झाली, आणि हा डबा भारतात पसरला. पुढच्या वर्षांत सुटे भाग आणून मशीन जोडून देणाऱ्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोलकात्याची चांदनी, सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर. ‘असेंबल्ड’ हा शब्द आपल्या भाषेत तिथून आला. गिऱ्हाईक प्रोसेसर विचारायचं, रॅम विचारायचं, हार्ड डिस्क विचारायचं. कॅबिनेट मात्र ‘कुठलंही चालेल’. दुकानदारही उरलेल्या पैशांत बसेल ते कॅबिनेट द्यायचा. आमच्या घरच्या दुखण्याचं मूळ या ‘कुठलंही चालेल’मध्ये होतं.

कारण डब्याच्या आत परिस्थिती बदलत होती. १९९३ मध्ये पेंटियम आला तेव्हा तो पंधरा-सोळा वॅट उष्णता टाकायचा आणि त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि छोटा पंखा ठेवणं भाग पडलं. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स ही नवी मांडणी आणली. मदरबोर्डची भोकं कुठे, प्रोसेसर कुठे, वीजपुरवठा कुठे, हे सगळं ठरवून दिलं. आजही आपण घेतो ती बहुतेक कॅबिनेटं याच मापाची असतात.

एटीएक्समध्ये एक गमतीदार कल्पना होती. वीजपुरवठ्याचा पंखा बाहेर हवा फेकण्याऐवजी आत फेकेल आणि ती हवा थेट प्रोसेसरवर जाईल, म्हणजे एका पंख्यात दोन कामं. कागदावर उत्तम. पण ती हवा वीजपुरवठ्याच्या पोटातून येत होती, म्हणजे आधीच तापलेली. प्रोसेसर जसजसे तापट झाले तसं हे उघडं पडलं, आणि पंख्याची दिशा पुन्हा बाहेरच्या बाजूला करण्यात आली. पंखा हवा थंड करत नाही, ती फक्त हलवतो. मिळेल ती हवा तो पुढे ढकलतो. म्हणून पंखा किती मोठा यापेक्षा तो कुठली हवा ओढतो आणि कुठे नेतो, हे आधी बघायचं.

अडतीस अंशांचं नळकांडं

आता येतो आपल्या इंदूरच्या काळात. २००४ मध्ये इंटेलचा प्रेस्कॉट नावाचा पेंटियम-४ आला. वेगाच्या शर्यतीत उष्णता ८४ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत गेली. कंपनीनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ जाहीर केला होता, तो ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द करावा लागला. एवढा तापट प्रोसेसर जुन्या डब्यात कसा नांदणार? म्हणून इंटेलनं कॅबिनेट बनवणाऱ्यांना एक नियम घालून दिला: खोलीचं तापमान ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांपेक्षा गरम असता कामा नये. फक्त तीन अंशांची सूट.

हे साधायचं कसं? उपाय अगदी साधा होता. डाव्या बाजूच्या पत्र्याला जाळीचं भोक पाडायचं आणि आतून एक प्लॅस्टिकचं नळकांडं बसवायचं, ज्याचं तोंड बरोबर प्रोसेसरच्या पंख्यावर येईल. म्हणजे प्रोसेसर थेट बाहेरची ताजी हवा ओढेल, डब्यातली शिळी हवा नाही. त्या काळातली कॅबिनेटं भारतात अजूनही अनेक घरांच्या माळ्यावर पडली असतील. उघडून बघा, ते नळकांडं दिसेल.

आमच्या कॅबिनेटलाही ते होतं. आणि आमच्या सुंदर टेबलाच्या कप्प्यात ती डावी बाजू प्लायवूडला चिकटून बसली होती. प्रोसेसर श्वास घ्यायला तोंड उघडून बसला होता आणि आम्ही त्या तोंडावर फळी ठोकली होती. मागून बाहेर पडलेली गरम हवा कप्प्यातच फिरायची आणि पुन्हा आत जायची. त्यात इंटेलचा हिशेब ३५ अंशांच्या खोलीचा होता. इंदूरची एप्रिलची दुपार आणि दार लावलेला कप्पा, तिथे आत किती असेल? रात्री खोली निवायची म्हणून मशीन रात्री चालायचं. यात व्होल्टेजचा काही संबंध नव्हता.

त्या मुलानं कॅबिनेट बाहेर काढलं, एका स्टुलावर ठेवलं, भिंतीपासून वीतभर लांब. प्रोसेसरच्या पंख्यावरचं धुळीचं बुरणुस ब्रशनं काढलं, थर्मल पेस्ट नवी लावली. दुसऱ्या दिवशी ताई भर दुपारी बसली. मशीन बंद पडलं नाही. त्या मुलानं शंभर रुपये घेतले. आधीचे सगळे पार्ट आम्ही विनाकारण बदलले होते.

याच सुमारास इंटेलनं आणखी मोठा डाव टाकला होता. बीटीएक्स नावाची नवी मांडणी. पुढून एक मोठा पंखा, त्याच्या मागे लगेच प्रोसेसर, आणि हवा सरळ रेषेत मागे. विचार उत्तम होता. पण त्यासाठी सगळे बोर्ड, सगळी कॅबिनेटं बदलावी लागणार होती. तेवढ्यात जुलै २००६ मध्ये कोअर-२ ड्युओ आला, ६५ वॅटचा आणि तरी जास्त वेगवान. आगच कमी झाल्यावर बंब कशाला? सप्टेंबर २००६ मध्ये इंटेलनं बीटीएक्स गुंडाळायचं ठरवलं. सरळ वाऱ्याची कल्पना मात्र मेली नाही. ती जुन्या एटीएक्स डब्यातच शिरली.

जाळी, काच आणि पुन्हा जाळी

हे काम हौशी लोकांनी पुढे नेलं. मंडळी घरी पत्र्याला भोकं पाडत होती, ८० मिलिमीटरच्या पंख्याजागी १२० चा बसवत होती. हिशेब सोपा आहे. १२० च्या पंख्याचं वर्तुळ ८० च्या सव्वादोन पट. तेवढीच हवा हलवायला त्याला कमी वेगानं फिरावं लागतं, म्हणून आवाज कमी. कंपन्यांनी हे उचललं. २००५ च्या अँटेक पी-१८० मध्ये वीजपुरवठा खाली वेगळ्या कप्प्यात गेला, म्हणजे त्याची उष्णता वरच्या भागात येईना. २००६ च्या अँटेक नाइन हंड्रेडमध्ये पुढे जाळी आणि छतावर २०० मिलिमीटरचा पंखा. २००८ मध्ये सिल्व्हरस्टोन रेव्हननं तर बोर्डच नव्वद अंशांत फिरवला, खालून हवा आत आणि वरून बाहेर.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘गरम हवा वर जाते म्हणून वरूनच काढली पाहिजे’ असं म्हणतात. गरम हवा वर जाते हे खरं, पण एवढ्याशा डब्यात तिचा तो जोर फार थोडा. साधा पंखा तिला कुठेही वळवू शकतो. वाट मोकळी आणि सरळ असणं जास्त महत्त्वाचं.

मग काचेचा जमाना आला. रंगीत दिवे दिसावेत म्हणून बाजूला काच, आणि मग पुढेही काच. पुढचे तीन पंखे त्या काचेमागे, आणि हवेला जागा फक्त कडेच्या चिरेतून. म्हणजे आमचा इंदूरचा कप्पाच, फक्त काचेचा आणि महाग. त्याच वेळी ग्राफिक्स कार्डं भडकत होती. २०२२ चं आरटीएक्स ४०९० हे कार्ड एकटंच ४५० वॅटपर्यंत जातं. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या अख्ख्या वीजपुरवठ्याच्या सात पट! अशा वेळी काचेचं तोंड परवडत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत पुढची जाळी परत आली.

मग आपण काय करायचं?

आधी एक आकडा. मशीन ४०० वॅट उष्णता टाकत असेल आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला साधारण दोन घनमीटर हवा जायला हवी. मध्यम कॅबिनेट ४५ लिटरचं धरलं, तर आतली सगळी हवा मिनिटाला चाळीसेक वेळा बदलली पाहिजे! हवा निम्मी झाली की वाढ दुप्पट, म्हणजे २० अंश. खोली ४२ वर असेल तर आत ६२. प्रोसेसर यापुढे तापायला सुरुवात करणार. थंड देशातले लोक जे कॅबिनेट ‘ठीक आहे’ म्हणतात, ते नागपूर, जयपूर किंवा विजयवाड्याला ठीक असेलच असं नाही.

निवडताना पुढची बाजू आधी बघा. जाळी असेल तर उत्तम. काच किंवा बंद पत्रा असेल तर कडेला बोट जाईल एवढी तरी फट हवी. जाळीआड हातानं काढून धुता येईल असा धुळीचा फिल्टर बघा, वीजपुरवठ्याच्या खालीही तो हवा. पुढे १२० किंवा १४० चे दोन पंखे आणि मागे एक बसेल अशी सोय बघा. बोर्डाच्या मागे केबल दडवायला जागा आहे का, तुमचा हीटसिंक आणि ग्राफिक्स कार्ड मापात बसतं का, हे विचारून घ्या. बंद तोंडाचं पाच रंगीत पंख्यांचं कॅबिनेट आणि जाळीचं दोन साध्या पंख्यांचं कॅबिनेट एकाच किमतीत असेल, तर डोळे मिटून दुसरं घ्या.

जोडताना पुढून आत, मागून बाहेर, हा मूळ नियम. पंख्याच्या चौकटीवर अनेकदा बाण असतो. नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूला हवा जाते. खात्री करायला कागदी रुमालाचा तुकडा धरा. छतावर पंखा लावायचाच तर मागच्या बाजूला लावा. पुढच्या बाजूला लावला तर नुकतीच आत आलेली गार हवा तो कामाला लागण्याआधीच बाहेर काढतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा. मग प्रत्येक फटीतून हवा बाहेर ढकलली जाते आणि धूळ फिल्टरमधूनच यायचा प्रयत्न करते. धुळीच्या गावांत याचा फार उपयोग होतो. वीजपुरवठ्याचं तोंड खाली जाळी आणि कडक फरशी असेल तर खाली, गालिचा असेल किंवा खाली भोकच नसेल तर वर.

मग तपासणी. खोलीचं तापमान लिहा. अर्धा तास मशीनला जड काम द्या आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचं तापमान लिहा. मग साइड पॅनेल काढून पुन्हा तेच करा. आठ-दहा अंश उतरले तर तुमच्या डब्याची वाट कुठेतरी अडली आहे. फारसा फरक पडला नाही तर डबा बरोबर आहे, दोष हीटसिंक किंवा पेस्टमध्ये शोधा. ही चाचणी फुकट आहे. कुठलाही पार्ट बदलण्याआधी ती करा.

शेवटी ऋतू. उन्हाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, असं वर्षातून दोनदा मशीन उघडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरतं आणि त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. पाण्याच्या कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. किनाऱ्यावर राहत असाल तर ओलावा आणि खारी हवा धातूला गंज चढवते, म्हणून मशीन महिनोन्‌महिने बंद पडू देऊ नका. आणि ते टेबल, त्या कप्प्याचं दार आजच काढून ठेवा.

आमच्या टेबलाचं दार बाबांनी त्याच संध्याकाळी काढलं. मागची फळीही कापली. आईनं क्रोशाचं आवरण मॉनिटरवर घातलं, मशीन बंद असताना. ताईनं त्या उन्हाळ्यात सगळे प्रबंध वेळेत दिले आणि पुढच्या वर्षीची फी भरली. दसऱ्याला झेंडूचं फूल पुन्हा वाहिलं, पण या वेळी जाळी सोडून.

तुमच्या घरी, तुमच्या मुलीच्या खोलीत, तुमच्या दुकानाच्या काउंटरखाली असा एक डबा असेलच. आज उठून त्याच्याजवळ जा, पुढे हात धरा, मागे हात धरा, आणि तोच प्रश्न विचारा: वारा कुठून येणार, आणि कुठून जाणार? दोन्ही उत्तरं मिळाली तर निश्चिंत राहा. एक जरी मिळालं नाही, तरी पार्ट बदलायच्या आधी डबा हलवा.

पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.